‘हुशार आहे, पण लक्ष नसतं’: विसरणं, पसारा आणि अर्धवट कामं यांवर काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: वय ३३, नाशिकच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी, चार वर्षांचा मुलगा. दूध उतू जातं, पाण्याची मोटर बंद करायची राहते, किल्ल्या आणि मोबाइल रोज शोधावे लागतात, खात्यात पैसे असूनही वीजबिल उशिरा भरलं जातं. कामाला बसलं की दहा मिनिटांत मन भलतीकडे. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण लक्ष नसतं’ हा शेरा दरवर्षी. डायऱ्या, ॲप, बदाम, ध्यान, सगळं करून झालं. घरचे म्हणतात, मनावर घेतलंस तर जमेल.

मनावर घेऊन हे जमत नाही. एखादं काम वेळेवर पुरं व्हायला चार गोष्टी ओळीने घडाव्या लागतात. ते मनात नीट नोंदलं जायला हवं, नेमक्या वेळी आठवायला हवं, त्याला हात लागायला हवा आणि शेवटचं टोक गाठलं जायला हवं. ‘मी विसरते’ असं म्हणताना हे चारही बिघाड आपण एकत्र मोजतो. डायरीचा उपयोग दुसऱ्या बिघाडावर थोडाफार होतो, बाकीच्यांवर नाही. म्हणून दर वेळी नवी डायरी आणली तरी फरक पडत नाही. तुमचं नेमकं कुठे अडतं ते आधी शोधायचं आणि उपाय त्याच जागी लावायचा.

कधीपासून?

त्याही आधी एक गोष्ट तपासायची. हे लहानपणापासून आहे, की गेल्या काही महिन्यांत किंवा वर्षभरात सुरू झालं अथवा एकदम वाढलं? तुमच्या बाबतीत मूळ जुनं दिसतं. तरीही अलीकडे वाढलं असेल तर शरीर तपासून घ्या. फॅमिली डॉक्टरांना हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि साखर एवढ्या तपासण्यांबद्दल विचारा. थायरॉइड मंदावला की विचारही मंदावतात, आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडणं वारंवार दिसतं. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत नेहमी आढळते. मधुमेहासाठीची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर शक्यता आणखी वाढते. रक्त कमी असेल तर दुपारनंतर डोकं चालत नाही, आणि त्यालाही आपण आळसच म्हणतो.

झोपेचा हिशोबही मांडा. लहान मुलामुळे रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल, तर दुसऱ्या दिवशी लक्ष लागणार नाही, हे धरूनच चाला. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि सकाळी डोकं जड असणं ही लक्षणं असतील तर स्लीप ॲप्नियाची तपासणी हवी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं, त्याने गुंगी येते. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या नवी गोष्ट नोंदली जाण्यातच अडथळा आणतात. नैराश्य आणि सततची काळजी यांतही ‘लक्ष लागत नाही’ हीच तक्रार आधी ऐकू येते. चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागते, त्या काळातही बऱ्याच जणींना हा त्रास होतो.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. अचानक गोंधळल्यासारखं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं किंवा डोक्याला मार लागल्यानंतर विसरायला लागणं, यांत त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. साठीच्या पुढचं माणूस ओळखीच्या रस्त्यावर चुकत असेल, किंवा आपण विसरतो हे त्याला स्वतःला न जाणवता घरच्यांनाच जाणवत असेल, तर तो विषय वेगळा आहे. तिथे मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. खालचे उपाय त्यासाठी नाहीत.

पहिला बिघाड: नोंदच होत नाही

किल्ल्या रोज हरवतात याचं कारण त्या ठेवल्याची आठवण कधी तयारच झालेली नसते. दार उघडताना फोन कानाला, एका हातात भाजी, मुलगा पायात घोटाळतोय. अशा वेळी हात आपोआप किल्ली कुठेतरी ठेवतो. एका वेळी मनात जेमतेम चारेक गोष्टी मावतात, असं स्मृतीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. त्या वेळी तुमच्याकडे जागाच शिल्लक नसते. मग नंतर कितीही आठवून काय मिळणार?

इथे स्मरणशक्ती वाढवण्याच्या मागे लागू नका. मोबाइलवरचे स्मरणशक्तीचे खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो, पण घरातल्या किल्ल्या सापडत नाहीत. बदाम हे चांगलं खाणं आहे, खुशाल खा. इथे कामाला येते ती ठरलेली जागा. दारातून आत आल्यावर पाऊल पुढे न टाकता हात पोचेल अशा ठिकाणी, खांद्याच्या उंचीवर एक खुंटी ठोका. सहा पावलं चालून जायचं असेल तर ती सवय टिकत नाही. किल्ली, ऑफिसचं ओळखपत्र आणि पर्स एवढंच तिथे. चौथी वस्तू लटकली की तिथलंही काही दिसेनासं होतं. ‘नीट ठेवू या’ म्हणून कपाटात नवीन जागा शोधणं पूर्ण बंद करा. हरवलेल्या कागदपत्रांपैकी बरीचशी अशा सुरक्षित जागीच सापडतात. आधार, पॅन, मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड यांची एकच फाइल, एकच खण. मूळ प्रत बाहेर काढली तर तिच्या जागी ‘बँकेत नेलं, तारीख अमुक’ अशी चिठ्ठी ठेवायची.

मधूनच ‘गॅस बंद केला का?’ अशी शंका येत असेल, तर बंद करताना तोंडाने म्हणा, ‘गॅस बंद, मंगळवार.’ वाराचं नाव महत्त्वाचं, कारण रोजच्या एकसारख्या कृतीतली आजची कुठली, हेच मनाला कळत नसतं.

दुसरा बिघाड: आठवतं, पण भलत्या वेळी

तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न मला हाच दिसतो. वीजबिल आंघोळ करताना आठवतं, आणि फोन हातात असतो तेव्हा नाही. पुढे करायच्या गोष्टी वेळेवर आठवणं हे वेगळं कौशल्य आहे. पाठांतर चांगलं असलेली माणसंही त्यात कच्ची असू शकतात. म्हणून ‘परीक्षेत तर सगळं आठवायचं’ हा घरच्यांचा मुद्दा इथे लागू पडत नाही.

नियम असा की आठवण करून देणारी खूण काम होण्याच्या जागी आणि काम करता येईल अशा वेळीच समोर यायला हवी. उद्या शाळेत द्यायचा फॉर्म टेबलावर ठेवला तर राहून जाणार. तो मुलाच्या चपलांवर ठेवा, उचलल्याशिवाय चप्पल घालता येणार नाही. सकाळची गोळी औषधांच्या डब्यात नको, चहाच्या डब्याशेजारी ठेवा. सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आणलीत तर ‘आज घेतली का?’ याचं उत्तर कप्पाच देतो. इस्त्रीचे कपडे आणायचे असतील तर रिकामी पिशवी गाडीच्या हँडलला अडकवून ठेवा.

गजर लावताना तीन चुका नेहमी होतात. पहिली, गजर वाजतो तेव्हा तुम्ही गाडीवर किंवा मीटिंगमध्ये असता, बंद करता, आणि ते काम गेलंच. जेव्हा करता येईल तीच वेळ निवडा. दुसरी, गजरावर नुसतं ‘लाइट बिल’ लिहिलेलं असतं. ‘आत्ता ॲप उघडून लाइट बिल भर’ असं क्रियापदासकट लिहा. तिसरी, दिवसाला पंधरा गजर. चार-पाचपेक्षा जास्त झाले की ते ऐकू येऊनही कळत नाहीत. एक सवय मात्र कटाक्षाने लावा. काम होईपर्यंत गजर बंद करायचा नाही, फक्त दहा मिनिटं पुढे ढकलायचा. बाहेर पडायला दोन गजर हवेत, एक ‘आवरायला लाग’ आणि दुसरा ‘दाराबाहेर पड’. निघायच्या वेळेचा एकच गजर लावणारी माणसं तो वाजल्यावर आवरायला सुरुवात करतात.

ऑफिसातल्या तारखांनाही हेच लागू. टीडीएस, म्हणजे कापलेला कर, ७ तारखेला, जीएसटीच्या विक्रीच्या रिटर्नसाठी (जीएसटीआर-१) ११, आणि कर भरण्याच्या रिटर्नसाठी (थ्री-बी) २०. या तारखा तुम्हाला पाठ आहेत. तरी दर महिन्याला धावपळ होते, कारण खूण शेवटच्या दिवशीची असते. कॅलेंडरमध्ये तीन कामाचे दिवस आधीची नोंद करा आणि तिथे ‘थ्री-बी’ न लिहिता ‘परचेस रजिस्टर टू-बीशी (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीशी) जुळवायला घे’ असं लिहा.

‘अमुक झालं की तमुक करीन’ अशी जोडी आधी ठरवून ठेवल्याने कामं जास्त होतात, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलं. ‘आठवड्यातून दोनदा आईला फोन करीन’ यातून काही घडत नाही. ‘बुधवारी जेवणाचा डबा धुऊन झाला की तिथेच उभी राहून आईला फोन’ हे घडतं. जोडीतला पहिला भाग मात्र रोज हमखास घडणाराच हवा. ‘वेळ मिळाला की’ ही खूण होऊ शकत नाही.

जे यंत्रावर सोपवता येतं ते पहिल्यांदा सोपवा. पाण्याच्या टाकीला ऑटोमॅटिक वॉटर लेव्हल कंट्रोलर बसवून घ्या, टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते, आणि इलेक्ट्रिशियनचं हे नेहमीचं काम आहे. दूध टायमर असलेल्या इंडक्शनवर तापवा. गॅसवर काही ठेवून स्वयंपाकघराबाहेर जायचंच असेल तर टायमर ओट्यावर नको, गाउनच्या खिशात हवा. वीजबिल, विम्याचा हप्ता आणि मुलाच्या शाळेची फी ऑटो-पेवर टाका. खात्यात त्या रकमांपेक्षा थोडे जास्त पैसे राहतील एवढी काळजी घ्या, नाहीतर हप्ता परत जाऊन दंड बसतो.

तिसरा आणि चौथा: सुरुवात आणि शेवट

काम आठवतंय, वेळही आहे, तरी हात लागत नाही. याला चालढकल म्हणून टोचून घेण्यापेक्षा पहिली पायरी किती मोठी आहे ते पाहा. ‘कपाट आवरणे’ किंवा ‘रिटर्न भरणे’ ही कामं नाहीत, कामांचे गठ्ठे आहेत. पाच मिनिटांत आणि एका जागी बसून होईल एवढी पहिली पायरी लिहा, जसं ‘मेलमध्ये फॉर्म १६ शोध, डेस्कटॉपवर ठेव’. तरीही हात लागत नसेल तर पायरी अजून मोठी आहे, तिचे आणखी दोन तुकडे करा. दुसरं माणूस शेजारी आपलं काही करत बसलेलं असेल तरी पुष्कळ जणांना सुरुवात करता येते. त्याने मदत करायची नाही, सूचनाही द्यायच्या नाहीत, फक्त बसायचं. बहिणीबरोबर व्हिडिओ कॉल चालू ठेवून दोघींनी आपापलं काम केलं तरी चालतं.

शेवटाचा बिघाड ओळखायला सोपा. मेल लिहिलेला असतो पण ड्राफ्टमध्ये. धुतलेले कपडे घडी घालून खुर्चीवर. रोचक भाग संपला की मन पुढे गेलेलं असतं. म्हणून काम लिहितानाच त्याचा शेवट लिहा. ‘कपडे धुणे’ न लिहिता ‘कपडे कपाटात’ लिहायचं.

वही एकच

आधीच्या डायऱ्या फसल्या याचं कारण बहुधा हे असेल: नोंदी चार ठिकाणी होत्या आणि त्या परत वाचण्याची वेळ ठरलेली नव्हती. ॲपचं नावीन्य दोन-तीन आठवडे टिकतं, आणि फोन उघडला की नोटिफिकेशन समोर येतं. पर्समध्ये मावेल अशी एक बांधीव छोटी वही घ्या, पेन तिला दोरीने बांधा. तारखांसाठी मात्र वही नको. तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये, आणि घरातल्या सगळ्यांशी संबंध असलेल्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आपल्याकडे दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख कालनिर्णयवर लिहायची जुनी रीत आहे. ती चालते, कारण कॅलेंडर सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असतं आणि नोंद करायला पाच सेकंद पुरतात.

वहीत रोज एक पान. डोक्यात जे येईल ते खाली लिहीत जायचं. पानाच्या वरच्या भागात फक्त तीन कामं, जी आज झालीच पाहिजेत. चौथं लिहायचा मोह होईल, लिहू नका. वाचायच्या वेळा दोन: सकाळचा चहा, आणि ऑफिस सुटायच्या पंधरा मिनिटं आधी. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या पानावर हाताने उतरवायचं. हाताने लिहिण्याचा कंटाळा येतो आणि तो इथे उपयोगी पडतो. एखादं काम तिसऱ्यांदा उतरवायची पाळी आली की थांबा. ते तोडून लहान करा, दुसऱ्याला द्या किंवा खोडून टाका. रविवारी अर्धा तास बसून पुढच्या आठवड्याच्या तारखा पाहा आणि मागच्या पानांवरचं सुटलेलं उचला.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे मोडेल. पाहुणे, मुलाचा ताप, एखादं लग्न, काहीही कारण पुरतं. तेव्हा नवी वही आणून ‘एक तारखेपासून’ सुरू करायचं नाही. मधली पानं कोरी सोडून आजचं पान उघडायचं.

कामात लक्ष टिकणं

यावर फार लिहीत नाही, कारण वरचं बसलं की हे निम्मं सुटतं. आधी आपली मुदत मोजा. कंटाळवाणं काम घ्या, घड्याळ लावा, उठावंसं वाटेल तेव्हा वेळ पाहा. तीन-चार दिवसांची सरासरी बारा मिनिटं आली तर बारा मिनिटांचेच तुकडे करा. सगळीकडे सांगतात ती २५ मिनिटांची मुदत तुमच्यासाठी लांब ठरू शकते. काम चालू असताना दुसरं काही सुचलं की कागदावर दोन शब्द लिहून परत कामाला. तुकडा संपल्यावर कागद वाचा, निम्म्या गोष्टींचं काही करायची गरजच नसते. फोन उलटा ठेवून भागत नाही, तो ड्रॉवरमध्ये हवा. बँक रिकन्सिलिएशन करताना, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आपल्या हिशोबाशी जुळवताना, कुणी हाक मारली तर उठण्याआधी ‘१४ तारखेपर्यंत टिक झालं, पुढे चेक क्रमांक अमुक’ एवढं लिहूनच मान वळवा. व्यत्ययापेक्षा परत आल्यावर जागा शोधण्यात जास्त वेळ जातो. चहा-कॉफी दुपारी तीननंतर बंद. कॅफीनचा निम्मा अंश पाचेक तासांनीही शरीरात असतो.

पसारा

तुमच्यासारख्या माणसाला बंद कपाटातली वस्तू नसल्यासारखीच असते, म्हणून सगळं बाहेर राहतं. झाकणाचे डबे आणि खणात खण टाळा. उघडी टोपली आणि पारदर्शक डबे घ्या. कागदांना एकच ट्रे, रविवारी रिकामा. अख्खं घर आवरायला काढू नका, दुपारपर्यंत सगळं पलंगावर येतं आणि रात्री तसंच ढकललं जातं. पंधरा मिनिटं, एक खण, आणि पुढच्या खणाला हात नाही.

घरच्यांसाठी

स्वयंपाक चालू असताना पाठीमागून सांगितलेलं काम सांगितलं असं धरू नका. व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा, एका मेसेजमध्ये एकच काम. ‘परत विसरलीस?’ याने पुढच्या वेळी आठवत नाही. उलट विसरल्याची भीती मनातली तीच जागा अडवते. खुंटीवरची किल्ली ‘नीट’ म्हणून उचलून ड्रॉवरमध्ये ठेवू नका, ही कळकळीची विनंती.

एडीएचडी असेल का?

शक्यता आहे आणि तपासून घ्यावं. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा, लहानपणी सुरू होणारा विकार) म्हटलं की उड्या मारणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो, पण त्याचा एक प्रकार मुख्यतः लक्ष न टिकण्याचा आहे. शांत बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीकडे वर्गात कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून बायकांचं निदान फार उशिरा होतं. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानासाठीच्या २०१३ च्या अमेरिकी पुस्तकातल्या निकषांनुसार लक्ष न टिकण्याच्या नऊ लक्षणांपैकी मोठ्या माणसात किमान पाच हवीत, ती सहा महिने तरी टिकलेली असावीत, काही १२ वर्षांच्या आधीपासून असावीत, आणि घर व काम अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा त्रास व्हायला हवा. आधीच्या आवृत्तीत ही वयाची अट ७ होती, त्यात बरेच जण निसटायचे.

यासाठी रक्ततपासणी किंवा मेंदूचा स्कॅन नसतो. मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सविस्तर मुलाखत घेतात. जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं न्या, तो शेरा इथे पुरावा ठरतो. आई किंवा मोठं भावंड बरोबर असेल तर उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस ही प्रश्नावली आधी भरली तर बोलायला सोपं जातं, पण ती फक्त चाळणी आहे, निदान नाही. कुठे जायचं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर तिथे आजच फोन करा.

निदान झालं तर औषधांचा विचार होतो. भारतात मुख्यतः मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन वापरतात. पहिल्याचा परिणाम त्याच दिवशी कळतो. ते १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांवरच्या) कायद्याखाली येतं, त्यामुळे प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय मिळत नाही. दुसऱ्याला ४ ते ६ आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि ‘काही फरक नाही’ म्हणून लोक दुसऱ्याच आठवड्यात सोडतात. दोन्हींत भूक कमी होऊ शकते, नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून सुरुवातीला वजन आणि बीपी मोजत राहतात. हृदयाचा त्रास, घरात कमी वयात झालेला हृदयविकाराचा मृत्यू, गरोदरपणाचा विचार, यांतलं काही असेल तर आपणहून सांगा. औषधाने सुरुवात करणं आणि टिकून राहणं सोपं होतं, पण खुंटी, गजर आणि वही यांची सवय तेव्हाही लावून घ्यावी लागते.

एडीएचडी घराण्यात चालतो, त्यामुळे मुलाची काळजी तुमच्या मनात येईल. चार वर्षांचं मूल चंचल असणारच, आत्ता त्यावरून काही ठरवू नका. पहिली-दुसरीत गेल्यावर शिक्षकांकडून आणि घरातून एकच तक्रार सहा महिन्यांहून जास्त काळ येत राहिली, तर तेव्हा दाखवा. जाताना तुमचं स्वतःचं निदानाचं पत्र बरोबर न्या.